प्रवासातल्या छायाचित्रांत ते ठिकाणच दिसत नाही – मदत हवी आहे

नमस्कार,

गेली सहा-सात वर्षे मी प्रवासात नेमाने छायाचित्रे काढते आहे. कॅमेरा हाताळताना आता फारसे अडत नाही; प्रकाश कमी असला तरी चित्र हलत नाही, रचना बरी जमते आणि चित्रांवर नंतर किती संस्करण करायचे याचाही अंदाज आला आहे. अडचण वेगळीच आहे आणि ती नेमक्या शब्दांत मांडायला मला बरेच दिवस लागले. माझी छायाचित्रे दिसायला चांगली असतात, पण जिथे काढली तिथली वाटत नाहीत.

हे लक्षात आले ते असे. मागच्या प्रवासात एका नदीच्या धक्क्यावर मी तीन दिवस रमले होते. परत आल्यावर चाळीस छायाचित्रे निवडून घरच्यांना दाखवली. त्यांत आधीच्या प्रवासातली, पूर्णपणे वेगळ्या प्रदेशातली चार चित्रे चुकून मिसळली होती. कोणालाही ती वेगळी वाटली नाहीत, आणि पहिल्या फेरीत तर मलाही वाटली नाहीत. त्या दिवसापासून हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

त्यांतल्या एका चित्राविषयी सविस्तर लिहिते, कारण माझी चूक त्यातच असावी असे वाटते. धक्क्यावर एक वयस्कर कारागीर होडी पालथी घालून तिच्या फळ्यांमधल्या फटी बुजवत होते. ते एका लाल प्लास्टिकच्या डब्यावर बसले होते आणि शेजारी रेडिओ चालू होता. तो लाल रंग माझ्या डोळ्यांना खुपला, म्हणून डबा आणि रेडिओ बाजूला ठेवण्याची विनंती मीच त्यांना केली. त्यांनी ती लगेच मानली आणि ते उकिडवे बसले. दूरचे जवळ आणणारी ८५ मिमीची लेन्स लावून, तिचे छिद्र (अ‍ॅपर्चर) खूप उघडे, म्हणजे एफ/१.८ वर ठेवून मी चित्र काढले. चेहऱ्यावरची सुरकुती न् सुरकुती त्यात स्पष्ट आहे आणि मागे सोनेरी धूसरपणा पसरला आहे. घरी मोठ्या पडद्यावर पाहिले तेव्हा मात्र जाणवले, की त्यांचे खांदे आखडलेले आहेत आणि हातोडी फटीवर नीट पोचतच नाही, कारण रोजची बैठक मी त्यांच्याकडून काढून घेतली होती. मागे नदी नाही, दुसऱ्या होड्या नाहीत, धक्का नाही. तो चेहरा जगातल्या कोणत्याही काठावरचा असू शकतो.

अशी चूक नामवंतांकडूनही झाली आहे हे मला ठाऊक आहे. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची छायाचित्रे काढणाऱ्या एडवर्ड कर्टिस यांनी १९१० च्या सुमारास एका तंबूत बसलेल्या दोघांचे चित्र काढले होते. त्यांच्या मधोमध घड्याळ होते, आणि प्रसिद्ध केलेल्या प्रतीतून ते पुसून टाकण्यात आले, कारण ‘जुन्या’ जगात घड्याळ बसत नव्हते. ‘नॅशनल जिओग्राफिक’ने फेब्रुवारी १९८२ च्या मुखपृष्ठावर गिझाचे पिरॅमिड उभ्या चौकटीत बसावेत म्हणून संगणकावर एकमेकांजवळ सरकवले होते. मी संगणकावर काही सरकवले नाही, पण डबा हाताने सरकवला, आणि परिणामात मला फारसा फरक दिसत नाही.

निघण्यापूर्वी मी त्या जागेची शेकडो छायाचित्रे पाहून जाते, हेही कबूल करायला हवे. मग तिथे पोचल्यावर डोळे तीच चित्रे शोधत राहतात आणि पावले आपोआप त्याच कोपऱ्यांकडे वळतात.

तेव्हा जाणकारांना माझे विचारणे असे. चौकटीतली एखादी वस्तू नुसता पसारा आहे की त्या जागेचा भाग आहे, हे तिथल्या तिथे कसे ठरवावे? लेन्स आणि अ‍ॅपर्चरच्या निवडीत मी काय बदलावे? माझ्याकडे फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) कॅमेरा, ८५ मिमी प्राइम (झूम न होणारी लेन्स) आणि २४-७० मिमी झूम आहे (आकडा लहान तितकी चौकट रुंद). आणि हाताशी तीनच दिवस असतील तर ते कसे वापरावेत?

प्रतिसाद १

आपण प्रश्न इतका नेमका मांडला आहे, की अर्धे उत्तर त्यातच आले आहे.

आधी लेन्सविषयी. ८५ मिमीवर, एफ/१.८ ला, दोन मीटरवरच्या माणसाचे चित्र घेतले तर जेमतेम सहा सेंटीमीटर खोलीचा पट्टा स्पष्ट येतो. म्हणजे डोळे स्पष्ट असतात, कान विरघळू लागतात आणि मागची सगळी जागा जाते. तोच माणूस ३५ मिमीवर, छिद्र लहान करून एफ/८ ला, तीन मीटरवरून घ्या. साधारण दोन मीटरपासून सात मीटरपर्यंतचे सारे स्पष्ट राहील. पुढचा एक प्रवास झूम ३५ वर ठेवूनच करून पाहा. माणूस चौकटीत लहान दिसू लागला की आपण जवळ जातो, जवळ गेलो की बोलावे लागते, आणि माझ्या अनुभवात चित्र सुधारते ते तिथूनच.

पसाऱ्याबद्दल मी स्वतःला एकच प्रश्न विचारतो: ही वस्तू काढली तर समोरच्याचे काम बदलेल का? डबा काढल्यावर बैठकच बदलली, म्हणजे डबा त्या कामाचा भाग होता. वाऱ्याने उडत आलेली पिशवी काढली तर काहीच बदलत नाही, पण तेव्हाही मी पिशवी उचलत नाही. दोन पावले बाजूला सरकून ती चौकटीबाहेर जाते का ते पाहतो.

रंगाकडेही लक्ष द्या. संध्याकाळी पिवळ्या सोडियम दिव्यांखाली ऑटो व्हाइट बॅलन्स (प्रकाशाचा रंग कॅमेऱ्यानेच सुधारण्याची सोय) ठेवलात तर कॅमेरा तो पिवळेपणा दोष समजून कमी करतो, आणि त्या रस्त्याची रात्र कुठल्याही रस्त्याच्या रात्रीसारखी दिसू लागते. डेलाइटवर, म्हणजे दिवसाच्या प्रकाशासाठीच्या सेटिंगवर (साधारण ५५०० केल्विनच्या आसपास), ठेवून फरक पाहा.

तीन दिवस असतील तर तीन जागा करू नका. फ्रेंच छायाचित्रकार युजीन अत्झे यांनी जवळजवळ तीस वर्षे एकाच पॅरिस शहराची छायाचित्रे काढली, तीही १८ बाय २४ सेंटीमीटरच्या काचेच्या प्लेट वापरणारा जड कॅमेरा वाहून, आणि काही जागांवर ते वर्षांनंतर पुन्हा गेले. आपल्याला वर्षे मिळत नाहीत, पण एकाच कोपऱ्यावर पहाटे, भर दुपारी आणि दिवे लागल्यावर जाता येते. दुपारचा सपाट प्रकाश बहुतेक जण टाळतात. तिथल्या माणसांचा दिवस मात्र त्याच प्रकाशात जातो.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी बराचसा सहमत आहे, पण सगळे स्पष्ट आले म्हणजे जागा पकडली असे होत नाही. पायऱ्यांची झिजलेली कड किंवा हत्यार धरलेला हात अगदी जवळून घेतला तरी जागा बोलते, मात्र तो हात कामात असायला हवा. आणखी एक विनंती: म्हातारपण, दारिद्र्य आणि पडक्या भिंती म्हणजेच अस्सल, ही सवय आपल्या सगळ्यांनाच लागली आहे. रेडिओ ऐकत काम करणारा माणूस तितकाच अस्सल आहे. शिवाय चित्राखाली ठिकाण, वेळ आणि चाललेले काम हे दोन ओळींत लिहून ठेवत जा. काय लिहावे हे सुचले नाही, तर त्या वेळी आपले लक्ष तिथे नव्हते असे खुशाल समजावे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री त्या दिवसाची सगळी चित्रे पुन्हा उघडली. कारागिरांशी बोलण्याआधी, केवळ प्रकाशाचा अंदाज घेण्यासाठी, २४ मिमीवर एक चित्र काढले होते आणि त्यावर ‘काढून टाकणे’ अशी खूण केली होती. त्यात डबा आहे, रेडिओ आहे, हातोडी उचललेली आहे, आणि मागे एक मुलगा गुडघाभर पाण्यात सायकल धुतो आहे. संपूर्ण प्रवासातले धक्क्याचे खरे चित्र हेच आहे, याबद्दल आता माझ्या मनात शंका नाही.

पण ते मी न विचारता काढले होते, आणि हे मला टोचते. विचारले की माणूस काम थांबवून ताठ बसतो. यातून मार्ग कसा काढता?

प्रतिसाद १ (पुन्हा)

विचारावेच. काम मोडते हे खरे, पण ते पाच-दहा मिनिटांपुरते. ताठ बसल्यावर जी दोन चित्रे मिळतात तीही मनापासून काढा, स्क्रीनवर दाखवा, आणि पाठवण्याचे कबूल केले तर नक्की पाठवा. मग कॅमेरा मांडीवर ठेवून तिथेच बसा. कामाची घाई त्यांना असते, आपल्याला नसते. थोड्या वेळात हात पुन्हा चालू लागतात, आणि तोवर आपण कशासाठी बसलो आहोत हे त्यांना माहीत झालेले असते. क्षण निसटेल म्हणून आधी काढावेच लागले, तर लगेच जाऊन दाखवा आणि त्यांनी नको म्हटले तर त्यांच्यासमोर पुसा.

त्या चित्राची एक प्रत छापून ठेवा. पुन्हा तिकडे गेलात तर ती त्यांच्या हातात द्या, आणि हे चित्र इतरांना दाखवले तर चालेल का हे तेव्हाच विचारा.