'निराशाजनक' चित्रपट म्हणजे नेमका कसा चित्रपट?

मूळ प्रश्न

कॅनडातील ओंटारिओ प्रांतातल्या ज्या लहान गावात आम्ही राहतो, त्याच्या मुख्य रस्त्यावर एका जुलै महिन्यात दूरचित्रवाणीसाठीच्या चित्रपटाचे चित्रीकरण झाले. दुकानांच्या दारांवर हिरव्या फांद्यांची तोरणे चढली, गवतावर पांढरे कापड अंथरून त्यावर फेस फवारला गेला, आणि घामाच्या धारा लागतील अशा उन्हात लोकरी कोट व हातमोजे घातलेले नट-नटी एकाच पदपथावरून दिवसभर ये-जा करत राहिले. डिसेंबरात तो चित्रपट प्रसारित झाला तेव्हा आम्ही शेजाऱ्यांना बोलावून एकत्र पाहिला. आमचे गाव त्यात अमेरिकेतील व्हरमाँट राज्यातले झाले होते आणि आमचे ग्रंथालय नायिकेच्या आजीचे अतिथीगृह झाले होते. मोठ्या शहरातील नोकरीत गुरफटलेली नायिका सणासाठी गावी परतते, तेथे नाताळची झाडे विकणारा विधुर नायक आणि त्याची लहान मुलगी तिला भेटतात, अतिथीगृह विकले जाण्याच्या बेतात असते, शेवटाकडे एक गैरसमज होतो, आणि बर्फ पडू लागताच तो मिटतो. हे सर्व असणार याची आम्हाला कल्पना होती आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. परंतु त्या दोघांचे एकमेकांवर प्रेम जडले आहे, असे मला एका क्षणीही वाटले नाही.

येथील मंडळाच्या वार्तापत्रासाठी या चित्रपटाचा परिचय लिहिताना मी 'हा एक निराशाजनक चित्रपट आहे' असे पहिलेच वाक्य लिहिले आणि छापायला देण्यापूर्वी ते सांगलीला बाबांना फोनवर वाचून दाखवले. त्यांनी लगेच विचारले, "म्हणजे शेवटी कोण जाते त्यात?"

त्यांच्या प्रश्नाने मी थांबले. वृत्तपत्रांत 'संघाची निराशाजनक कामगिरी' किंवा 'निराशाजनक निकाल' असे आपण नेहमी वाचतो आणि तेथे कोणाचाही गैरसमज होत नाही, कारण कामगिरीला किंवा निकालाला स्वतःची अशी भाववृत्ती नसते. चित्रपट, कविता, कादंबरी यांना मात्र ती असते, आणि म्हणून 'निराशाजनक कादंबरी' म्हटले की वाचणाऱ्याला ती कादंबरी उदास, आशा खुडून टाकणारी आहे असे वाटते. ज्या चित्रपटात शेवटी सर्वांचे भले होते, त्याला निराशाजनक म्हणणे अर्थाच्या उलट जाते. मग मला जे म्हणायचे आहे त्यासाठी योग्य शब्द कोणता?

याच अनुषंगाने या चित्रपटप्रकाराला मराठीत काय म्हणावे, हेही विचारते. 'प्रणयपट' मी लिहून खोडला, कारण संस्कृतात 'प्रणय' म्हणजे स्नेह, प्रेम असले तरी आजच्या मराठीत 'प्रणयदृश्य', 'प्रणयक्रीडा' यांच्या सहवासाने तो शब्द शारीर झाला आहे, आणि या चित्रपटांत अखेरच्या मिनिटातील एका चुंबनापलीकडे काही नसते. 'प्रेमपट' मला चालेल. पण त्यापूर्वी 'नाताळ' लावावे की 'ख्रिसमस', याबद्दल माझा निर्णय होत नाही. या चित्रपटांत चर्च फारसे दिसत नाही. झाड, बर्फ, बिस्किटे आणि दुकाने दिसतात. आपला नाताळ असा नसतो, म्हणून तेथे 'ख्रिसमस' ठेवावे असे मनात येते.

प्रतिसाद

'निराशाजनक' संबंधीचे आपले निरीक्षण मला पटले. त्याऐवजी 'अपेक्षाभंग करणारा' असे लिहावे. 'भ्रमनिरास' हा शब्दही अनेक जण येथे वापरतील, परंतु तो आपल्या उपयोगाचा नाही, आणि त्याचे कारण त्याच्या लेखनात दडलेले आहे. त्यातील शेवटचे पद 'निरास' असे आहे, 'निराश' असे नाही. निरास म्हणजे दूर सारणे. 'शंकानिरसन' या शब्दातील 'निरसन' त्याच धातूपासून आलेले आहे. शंका फिटावी तसा भ्रम फिटणे, हा भ्रमनिरासाचा मूळ अर्थ आहे, आणि वेदान्ताच्या दृष्टीने ती इष्ट गोष्ट आहे. निराशेशी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे त्याला आज खिन्नतेची छटा आली आहे आणि 'भ्रमनिराश' असे अशुद्ध रूपही छापले जाते. ती छटा आता रूढ झाली असली, तरी आधी एखादा भ्रम जोपासलेला असल्याशिवाय हा शब्द वापरू नये. एखाद्या विचारसरणीबद्दल, नेत्याबद्दल किंवा परदेशातील जीवनाबद्दल भ्रमनिरास होऊ शकतो. दोन तासांच्या चित्रपटाबद्दल होत नाही.

मूळ लेखिका

'निरास' बद्दल आभार. मी स्वतः तो शब्द आजवर चुकीचा लिहीत आले. 'अपेक्षाभंग' विषयी मात्र एक अडचण सांगते. कथेबद्दलची माझी प्रत्येक अपेक्षा पूर्ण झाली, आणि तीही जवळजवळ अपेक्षित मिनिटाला. अपेक्षा भंगली ती आमचे गाव दिसेल ही, आणि तिच्याबद्दल मी स्वतंत्र वाक्य लिहिणार आहे. प्रेमकथेच्या बाबतीत जे घडले त्याला अपेक्षाभंग म्हणता येत नाही.

प्रतिसाद

मी वसईचा आहे आणि केवळ 'नाताळ' या शब्दापुरते लिहितो. हा शब्द पोर्तुगीज 'नाताल' वरून आलेला आहे, आणि त्याच्या मुळाशी जन्माचा अर्थ असलेला लॅटिन शब्द आहे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती आणि गोवा त्यानंतरही दीर्घकाळ होता, त्यामुळे हा शब्द आमच्या घरांत इंग्रजीच्या आधीपासून नांदतो आहे. आमचा नाताळ म्हणजे अंगणात मांडलेला येशूजन्माचा गोठा, दारावरचा चांदणीचा कंदील आणि मध्यरात्रीची मिस्सा, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासना. परंतु चर्च दिसत नाही म्हणून 'ख्रिसमस' लिहावे, हा आपला युक्तिवाद शब्दाच्या उगमाकडे पाहिल्यास उलटा पडतो, कारण ख्रिसमस या शब्दात ख्रिस्ताची मिस्सा प्रत्यक्ष सामावलेली आहे, आणि नाताळ शब्दात केवळ जन्म आहे.

त्याशिवाय मराठीत 'नाताळ' हा शब्द पूर्वीच चर्चच्या बाहेर पडलेला आहे. 'नाताळची सुट्टी' असे म्हणणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांच्या घरी गोठा नसतो, तरी त्यांना त्या शब्दाने थंडीचे दिवस, सहल आणि वर्षअखेर आठवते. जो शब्द इतके सारे पेलतो, तो व्हरमाँटचा खोटा बर्फही पेलेल. आपण निःशंकपणे 'नाताळपट' लिहावे.

प्रतिसाद

मी न्यू जर्सीत राहते आणि हे चित्रपट दर वर्षी आवडीने पाहते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. कॅन्सस सिटीत १९१० साली स्थापन झालेल्या हॉलमार्क या शुभेच्छापत्रांच्या कंपनीच्या वाहिनीने २००९ पासून नाताळची उलटगणती अशी वार्षिक मालिका सुरू केली आणि हा प्रकार घरोघरी पोहोचवला. २०१९ मध्ये त्यांच्या वाहिन्यांवर ४० नवे नाताळपट आले. दोन तासांच्या वेळेत जाहिराती वगळता चित्रपटाला साधारण दीड तासापेक्षाही कमी अवधी मिळतो, आणि जाहिरातींच्या खंडांमुळे कथेचे नऊ भाग पाडून लिहावे लागतात. बरेचसे चित्रीकरण कॅनडात, दोन-तीन आठवड्यांत आणि पुष्कळदा उन्हाळ्यात उरकले जाते, याची साक्ष आपण दिलीच आहे.

हे सांगण्याचे कारण असे की, अशा चित्रपटाला लोक सहजपणे 'साचेबद्ध' म्हणतात आणि तेवढ्यावर परीक्षण संपवतात. साचेबद्ध आणि ठरीव यांत मी फरक करते. तमाशात गण, गवळण, बतावणी आणि वग हा क्रम ठरीव असतो, कीर्तनात पूर्वरंगानंतर उत्तररंग येणार हे श्रोत्याला ठाऊक असते, आणि त्या ठाऊक असण्यातच त्याचा आनंद असतो. ठरीवपणा हा रचनेचा गुण आहे. त्या ठरीव रचनेत या खेपेचा माणूस, या खेपेचा शब्द नवा नसेल, तेव्हाच तिला साचेबद्ध म्हणावे. कीर्तन ठरीव असून रंगते. साचेबद्ध असेल तर ते रंगणार नाही.

आता योग्य शब्दाबद्दल. माझ्या मते तो स्वयंपाकघरात मिळेल, परंतु तेथील शब्द एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत. आमटीत तिखट-मसाला बेताचाच पडला, तर ती सपक होते. ताकात पाणी जास्त झाले, तर ते पाणचट होते, आणि ओढूनताणून केलेल्या विनोदालाही आपण पाणचट म्हणतो. मिळमिळीत हा शब्द पदार्थापेक्षा भूमिकेला, निवेदनाला किंवा माणसाच्या स्वभावाला अधिक लागतो. जेथे गोडी नको तेथे ती जाणवली, की आपण गुळचट म्हणतो. गुळमट म्हणजे किंचित गोड. त्यात नापसंती असेलच असे नाही. गुळमुळीत मात्र वेगळा आहे: ज्यात हो की नाही ते कळत नाही, असे उत्तर गुळमुळीत असते. या प्रकारच्या चित्रपटांना सरसकट गुळचट म्हणणारे लोक मला भेटतात, पण गोडीसाठीच ते पाहणाऱ्या माझ्यासारखीच्या दृष्टीने तो दोष होत नाही.

आपण दिलेल्या वर्णनात सर्व जिन्नस आहेत: गाव आहे, बर्फ आहे, लहान मुलगी आहे, संकटातले अतिथीगृह आहे. फक्त त्या दोघांमधली ओढ नाही. सर्व काही प्रमाणात पडले आणि नेमके मीठच राहिले, तर त्या पदार्थाला आपण अळणी म्हणतो. हा शब्द संस्कृत 'अलवण' वरून आलेला आहे, आणि त्यात काय उणे आहे ते शब्दच सांगतो. सपक, पाणचट किंवा गुळचट या शब्दांनी आपण त्या चित्रपटावर अन्याय कराल. तो अळणी आहे.

प्रतिसाद

'रसभंग' या शब्दाचा विचार व्हावा. आनंदवर्धन या संस्कृत काव्यशास्त्रकाराने ध्वन्यालोक या ग्रंथात 'अनौचित्यादृते नान्यद् रसभङ्गस्य कारणम्', म्हणजे अनौचित्याखेरीज रसभंगाचे दुसरे कारण नाही, असे म्हटले आहे. येथे नायक-नायिकेच्या वागण्यात परस्परांविषयीच्या प्रेमाचे औचित्य राखलेले नाही, असे दिसते. नाहीतर 'रसाभास' म्हणावे, कारण प्रेमाचा केवळ आभास निर्माण झाला आहे.

मूळ लेखिका

आपण सुचवलेल्या दोन्ही शब्दांवर मी दोन दिवस विचार केला. साहित्यशास्त्रातला अर्थ बाजूला ठेवून आजच्या मराठीतला वापर पाहिला, तर भंग होण्यासाठी रस आधी जमून यावा लागतो. मैफलीत आलाप रंगात आलेला असताना कोणाचा तरी फोन वाजला, तर रसभंग होतो. येथे रस जमलाच नाही, आणि त्यामुळे इतक्या वेळा जाहिराती आल्या तरी आमच्यापैकी कोणालाही त्यांचा त्रास झाला नाही. उलट त्या वेळात चहा झाला. 'रसाभास' हा शब्द दिसायला फार जवळचा आहे, पण मम्मट या काव्यशास्त्रकाराने आभासाचे मूळही अनौचित्यातच सांगितले आहे, आणि एकतर्फी किंवा अस्थानी प्रेमाच्या वर्णनाला तो शब्द लागतो. या चित्रपटातील प्रेम अनुचित मुळीच नाही. ते निष्पन्न झालेले नाही. शास्त्रातील काटेकोर संज्ञा तिच्या दिसण्यावरून उचलणे मला योग्य वाटत नाही. त्याच घरातला 'विरस' हा साधा शब्द मात्र मला मोह घालतो, कारण 'आमचा विरस झाला' म्हणताना आधी रस निष्पन्न झाला होता, असा दावा करावा लागत नाही.

प्रतिसाद

विरस चांगला आहे, परंतु तो आता लेखी भाषेतच उरला आहे. आपण 'हिरमोड' का घेत नाही? सहलीच्या सकाळी पाऊस आला की मुलांचा हिरमोड होतो. त्याचे माप लहान आहे, त्यात सणाची वाट पाहणे आहे, आणि त्यात कोणावर राग नाही. एवढेच ध्यानात ठेवावे की हा शब्द माणसाला लागतो, वस्तूला लागत नाही. 'माझा हिरमोड झाला' किंवा 'त्याने माझा हिरमोड केला' असे होते. 'हिरमोडजनक चित्रपट' असे करू नये.

जाता जाता आणखी एक सूचना: कृपया 'दूरदर्शनपट' लिहू नये. दूरदर्शन हे एका विशिष्ट संस्थेचे नाव आहे, आणि त्या संस्थेसाठी सत्यजित राय यांनी १९८१ मध्ये 'सद्गती' केला होता. दूरचित्रवाणीसाठी केलेला म्हणजे कमी प्रतीचा, असा अर्थ आपल्या वाक्यातून निघू नये.

मूळ लेखिका

आपण शेवटी जे सांगितले, त्यानेच माझा गुंता सुटला. मी एकाच विशेषणात दोन गोष्टी कोंबत होते. चित्रपट कसा आहे, हे एक. आणि पाहणाऱ्याचे काय झाले, हे दुसरे. 'निराशाजनक' हा शब्द कामगिरीबद्दल बोलताना दोन्हींचे काम करतो, पण कलाकृतीबद्दल बोलताना त्याला ते झेपत नाही, आणि बाबांनी नेमके तेच दाखवून दिले. म्हणून मी पहिले वाक्य मोडून त्याची तीन वाक्ये केली आहेत. तिसऱ्यात 'अपेक्षाभंग' परत आणला आहे, कारण गावाच्या बाबतीत तोच खरा आहे:

'आपल्या गावात चित्रित झालेला हा नाताळपट पाहताना आमचा हिरमोड झाला. यात नाताळच्या प्रेमपटाला लागणारे सर्व काही आहे, परंतु नायक-नायिकेमध्ये एकमेकांविषयीची ओढ नसल्यामुळे तो अळणी झाला आहे. आपले ग्रंथालय ग्रंथालय म्हणून दिसेल अशी ज्यांची अपेक्षा होती, त्यांचा अपेक्षाभंग होईल.'

हा मजकूर काल रात्री बाबांना वाचून दाखवला. त्यांनी या वेळी शेवटाबद्दल काही विचारले नाही. ग्रंथालयाला खरोखर काय रंग आहे, तेवढे विचारले.