ब्रशने सावकाश केलेली दाढी: मन स्थिर करणारा छंद की सवड असलेल्यांची चैन?

निवांत (चर्चेचा प्रस्ताव):
ब्रश, साबणाची वडी आणि दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर घेऊन रोज सकाळी सावकाश दाढी करणे हा मनाला स्थिर करणारा छंद आहे, आणि आजोबांच्या पिढीची ही परंपरा आपण पुन्हा जवळ करावी, असे माझे ठाम मत आहे. दाढीचे केस दोन-तीन मिनिटे कोमट पाण्याने भिजले की पाणी शोषून मऊ होतात आणि कापायला बरेच कमी बळ लागते. म्हणजे थांबणे हाच या कामाचा पहिला भाग आहे. मग वाटीत फेस घोटायचा. पाणी कमी पडले तर पाते अडखळते, जास्त झाले तर फेस गालावरून ओघळतो, आणि मधली ती दाट, चकचकीत अवस्था नजरेला ओळखू येईपर्यंत बरेच दिवस जातात. पाते गालाशी साधारण ३० अंशांच्या कोनात ठेवून रेझर केवळ स्वतःच्या वजनाने फिरू द्यायचा. जोर लावला की कापते. हनुवटीखाली केसांची दिशा बदलते, ती बोटांनी चाचपून ओळखावी लागते. इतके सगळे सांभाळताना मनात दुसरा विचार टिकूच शकत नाही. मला मिळणारी शांतता या सक्तीच्या एकाग्रतेतून येते.

घाटमाथा:
छंदाबद्दल तक्रार नाही, पण परंपरेचा दावा मान्य होण्यासारखा नाही. किंग कॅम्प जिलेट यांनी हा रेझर १९०३ साली अमेरिकेत विक्रीला आणला, तोच मुळी पाते वापरून फेकून द्यावे या कल्पनेवर. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना तो सरकारतर्फे दिला गेला आणि रोज स्वतःची दाढी स्वतः करण्याची सवय त्यातून दूरवर पसरली. आपल्या गावगाड्यात दाढी करणारा नाभिक हा बारा बलुतेदारांपैकी एक होता, त्याला सुगीला धान्याचा वाटा मिळे, आणि दाढी ही दोन माणसांमधली गोष्ट होती. आरशासमोर एकट्याने साधण्याच्या शांततेला त्या वारशाचे नाव देऊ नये.

पहिलीलोकल:
ज्याला बदलापूरहून पहाटेची गाडी पकडून मुंबईत कामावर पोहोचायचे आहे आणि ज्याच्या घरी एकाच न्हाणीघरासाठी पाच माणसे खोळंबलेली असतात, त्याला फेस घोटण्याचे सुख सांगणे मला पटत नाही. शांतता सवडीची असते; श्रेय मात्र रेझरला दिले जाते. शिवाय या छंदात उतरलेली मंडळी दुसरा रेझर, बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश, परदेशी साबण असे घेतच राहतात.

निवांत:
खरेदीच्या नादाबद्दल आपण म्हणता ते खरे आहे आणि मलाही तो नाद आवडत नाही. एक साधा रेझर वर्षानुवर्षे टिकतो, देशी पाते काही रुपयांत मिळते, आणि त्यापलीकडे काही लागत नाही. घाईच्या दिवशी केसांच्या दिशेने एकदाच पाते फिरवून थांबावे. उलटा हात रविवारसाठी ठेवावा.

कातडीबचाव:
त्वचेचा मुद्दा अजून कोणी मांडलेला नाही. अनेक पात्यांच्या रेझरने केस किंचित ओढला जाऊन त्वचेच्या पातळीखाली कापला जाऊ शकतो, आणि केस कुरळे असतील तर तो वाढताना आतच वळून पुटकुळ्या येतात. एका पात्याने, केसांच्या दिशेने केलेल्या दाढीत हा त्रास अनेकांना कमी होतो. मात्र ज्यांना मुरमे आहेत किंवा रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू आहेत, त्यांनी छंदाच्या ओढीने पाते हातात घेऊ नये. त्यांच्यासाठी विजेचा ट्रिमरच बरा.

ओलासुका:
वापरलेली पाती आपण कोठे टाकता? पुण्यात ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक महिला घरोघरचा कचरा हातांनी वेगळा करतात, आणि कागदात गुंडाळलेले पाते त्यांच्या बोटांत घुसते. अमेरिकेतल्या जुन्या घरांत न्हाणीघराच्या कपाटाला एक फट असे, तीतून पाती थेट भिंतीच्या पोकळीत पडत. तेथे निदान कोणाचा हात जात नसे. आपली शांतता दुसऱ्याच्या जखमेवर उभी असेल तर तिचे कौतुक मला ऐकवत नाही.

निवांत:
हा आक्षेप मी पूर्णपणे स्वीकारतो. पत्र्याच्या बंद डब्याला बारीक चीर पाडून पाती त्यात साठवावीत आणि डबा भरल्यावर चीर पक्की बंद करून, आत काय आहे हे सांगून, भंगारवाल्याकडे द्यावा. अनेक पात्यांच्या रेझरचे कार्ट्रिज, म्हणजे बदलायचे डोके, प्लास्टिक आणि पोलाद एकत्र जखडून केलेले असते; त्याचे असे करणे अवघड असते.

घाटमाथा यांचा इतिहास मला मान्य आहे, निष्कर्ष नाही. खुर्चीत डोळे मिटून दाढी करून घेताना विसावा मिळतो, पण लक्ष नाभिकाचे लागलेले असते, आपले नाही. आणि मी बोलतो आहे ते त्या लक्षाविषयी.

घाटमाथा:
मग त्याच्या त्या लक्षाला आपण छंद म्हणाल का? तो दिवसभर हेच करतो, आणि संध्याकाळी त्याची पाठ दुखत असते.