प्रार्थनेला बसलं की काळज्याच डोक्यात फिरतात, काय करावं?

वाटसरू:
जय ख्रिस्त. प्रार्थनेला डोळे मिटले की दुसऱ्याच मिनिटाला नोकरी, घरातलं आजारपण, मुलांचं पुढे काय, हे सगळं सुरू होतं. मन ओढून आणायचं म्हटलं तर त्या ओढाताणीतच वेळ संपतो. बायबलमधल्या पौलाच्या पत्रात, फिलिप्पै 4:6 ला, सांगितलंय, चिंताक्रांत होऊ नका. मग चिंता येते म्हणजे विश्वास नाही, असं समजायचं का? आणि रोज नेमकं काय करायचं?

उंबरठा:
आधी विश्वासाचा मुद्दा, कारण अपराधीपणा घेऊन बसलात तर पुढचं काहीच जमणार नाही. फिलिप्पै 4:6 मध्ये चिंतेसाठी जे ग्रीक क्रियापद आहे, मेरिम्नाओ, तेच त्याच पत्रात 2:20 ला पौलाचा सहकारी तीमथ्य याच्याविषयी येतं आणि तिथे ते कौतुक आहे: तो तुमची मनापासून काळजी घेईल. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागू नये. काळजी करणं आणि काळजी घेणं, शब्द एकच. मंडळ्यांची, म्हणजे चर्चची, चिंता रोज आपल्यावर असते हे पौल स्वतः 2 करिंथ 11:28 मध्ये लिहितो. जीव लावला की काळजी येणारच. ती कुणापाशी बोलायची, एवढंच पौल सांगतो: 'आपली मागणी देवाला कळवा.'

मागणी या शब्दाकडे नीट बघा. 'नोकरीचं काय होईल?' ही मागणी नव्हे, ते स्वतःशीच चाललेलं बोलणं आहे. 'प्रभू, सोमवारी साहेबांसमोर मला खरं आणि शांतपणे बोलता येऊ दे' ही मागणी.

पंधरा मिनिटं असतील तर पहिली तीन कागदावर घालवा. जे जे घोळतंय ते एका ओळीत एक, असं उतरवा. मग प्रत्येक ओळीची अशी मागणी करा, दोन-तीन वाक्यांत, शक्यतो आवाजात. त्याच बाबतीत आधी मिळालेल्या एखाद्या ठरावीक गोष्टीचे आभार माना, 'सगळ्याबद्दल आभार' असं मोघम नको. 'हे तुझ्या हाती' म्हणून ओळीवर रेघ मारा आणि पुढे जा. हमखास चूक इथेच होते: एकाच विषयाचे तपशील दहा मिनिटं देवाला ऐकवत राहणं. ती डोळे मिटून केलेली चिंताच. उरलेल्या वेळात बायबलच्या स्तोत्रसंहितेतलं एक स्तोत्र सावकाश वाचा. 131 वं तीनच वचनांचं आहे, तिथून सुरुवात करा.

शांतघडी:
वरचं पटलं. भरकटण्याबद्दल थोडं.

विचाराला हुसकायला गेलात की तुम्ही त्याच्याच मागे धावता. तो आला हे ओळखा आणि एका छोट्या वाक्याने परत या. पूर्वेकडच्या मंडळ्यांची जुनी प्रार्थना यासाठी फार उपयोगी आहे: श्वास घेताना 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा', सोडताना 'मज पाप्यावर दया कर'. श्वास मुद्दाम लांबवू नका, गरगरायला लागतं. किती वेळा म्हटली तेही मोजू नका, नाहीतर लक्ष आकड्यावर जातं. वीस वेळा मन गेलं आणि वीस वेळा परत आलात, तर ती वीस वेळा केलेली प्रार्थनाच आहे.

एक अपवाद मात्र आहे. रोज तोच माणूस, तेच भांडण समोर येत असेल तर ते भरकटणं समजू नका. मत्तय 5:23-24 प्रमाणे आधी समेट करायला जायचं आहे. तो फोन केल्याशिवाय प्रार्थना पुढे सरकत नाही.

आणि मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. उपडा ठेवून भागत नाही.

वाटसरू:
धन्यवाद. सगळं करूनही शांती वाटलीच नाही तर? रात्री तीनला जाग येते तेव्हा काय?

उंबरठा:
4:7 मध्ये शांती तुमची अंतःकरणं 'राखील' असं आहे. मूळ शब्द पहाऱ्याचा, शिपायांचा आहे. पहारा असतो तेव्हा आतल्याला तो जाणवतोच असं नाही, म्हणून 'आता शांत वाटतंय का' हे तपासत बसू नका. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूनेही तिसऱ्यांदा तेच शब्द बोलून प्रार्थना केली (मत्तय 26:44). तीच चिंता उद्या परत आली तर उद्या परत सोपवा, आजचं सोपवणं त्याने खोटं ठरत नाही.

रात्री तीनला यादी करू नका, दमलेल्या डोक्याला सगळंच मोठं दिसतं. स्तोत्र 4 चं शेवटचं वचन पाठ करून ठेवा आणि पडल्या पडल्या तेवढंच म्हणा. 1 राजे 19 मध्ये मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवाने आधी झोपू दिलं, दोनदा खायला दिलं, बोलणं नंतर झालं. झोप न येणं, छातीत धडधड, कामात लक्ष न लागणं हे काही आठवडे चाललं तर डॉक्टरांकडे जा. पोटाच्या दुखण्यासाठी पौलाने तीमथ्याला थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं (1 तीमथ्य 5:23), नुसती प्रार्थना कर असं नाही. पाळकांनाही कळवा, म्हणजे तुमच्यासाठी दुसरं कुणी प्रार्थना करत राहील.