गावांच्या नावांचा उच्चारकोश: फोनेटिसॉरस नेमकं कुठं चुकतंय?

करवीरवाणी:
कोल्हापूर जिल्ह्याच्या १२ तालुक्यांतली गावं बोलून ओळखणारं अ‍ॅप बनवतोय. ईस्पीक-एनजीकडून (मजकूर वाचून बोलणारं सॉफ्टवेअर) कच्चे उच्चार काढले, ८०० नावं हातानं तपासली आणि त्यावर फोनेटिसॉरस (लिहिलेल्या शब्दावरून उच्चार सांगायला शिकणारं साधन) शिकवलं. तरी आजऱ्यातला ‘ज’ ‘जिल्हा’तल्यासारखा येतो, इचलकरंजीची ‘इचलक्रंजी’ होते आणि पन्हाळ्याच्या ‘दऱ्या’ चक्क ‘दर्या’ होतात. अजून शब्द भरू का?

उच्चारपाटी:
थांबा दादा, आधी फाइल साफ करा. ‘दऱ्या’ दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि त्यामागं न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर (अक्षरं जोडणारं चिन्ह). पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. सफाईच्या स्क्रिप्टनं तो जॉइनर उडवला की उरतो ‘दर्या’, म्हणजे समुद्र! म्हणून आधी र-हलन्त-जॉइनरच्या जागी ऱ-हलन्त घाला, मग एनएफसी (एकाच अक्षराची वेगवेगळी युनिकोड रूपं एकसारखी करणं) करा, उरलेले जॉइनर सगळ्यात शेवटी काढा.

इचलकरंजीचं दुखणं वेगळं. शब्दातला ‘अ’ गाळायचा नियम उजवीकडून लावला की ‘क’चा ‘अ’ जातो, कारण इचल आणि करंजीमधला सांधा लिहिण्यात दिसत नाही. कच्चे उच्चार काढण्याआधीच ‘इचल+करंजी’, ‘हात+कणंगले’ अशी फोड करा, उच्चार आल्यावर जोडा.

दंततालव्य:
च, ज, झ चं उत्तर लिपीत नाहीच. पुढं इ, ई, य असेल तर तालव्य (‘जिल्हा’तल्यासारखा, जीभ टाळूला लावून) धरा. अ, आ, उ, ओ पुढं मात्र शब्दागणिक बदलतं: ‘चार गावं’ तालव्य, ‘गुरं चार’ दंततालव्य (जीभ दातांमागं टेकवून). दोन्हींना स्वतंत्र ध्वनिचिन्हं द्या, अशा शब्दाच्या कोशात दोन ओळी ठेवा. ही अक्षरं असलेली सगळी नावं वेगळी काढून त्या-त्या गावच्या माणसाच्या कानानंच तपासा. फोनेटिसॉरसचं मॉडेल फक्त कोशात नसलेल्या शब्दांसाठी.

आणि कोशात उच्चार लिहिताना ध्वनींमध्ये जागा सोडताय ना? गडहिंग्लजमधले ‘ड’ आणि ‘ह’ चिकटले की ‘ढ’ होतो.

करवीरवाणी:
जागा नव्हती सोडली, तिथंच घोळ झालाय. चाचणीला १० टक्के नावं यादृच्छिक काढली तर चालेल?

उच्चारपाटी:
नको. ‘वाडी’, ‘गाव’, ‘बुद्रुक’, ‘खुर्द’ लागून एकच नाव शिकवायच्या आणि चाचणीच्या अशा दोन्ही यादींत येतं आणि मॉडेलचे गुण फुगतात. नावाच्या पहिल्या भागावरून गट पाडा आणि अख्खा गट एकाच बाजूला ठेवा.