मुंबई ते न्यूयॉर्क: साडेपाच तास की 16?

बी-304 काकू: नमस्कार. दिवाळीनंतर आम्ही दोघं लेकीकडं न्यूयॉर्कला जायलोय. तिकीट अजून काढायचंय. विमान मुंबईहून रात्री 2 ला निघतं अन् सकाळी साडेसातला पोचतं, तारीख पण तीच दिसायली. एवढं लांब साडेपाच तासांत कसं काय हो?

ए-102: काकू, ज्या त्या गावच्या घड्याळाची वेळ आहे ती. हिवाळ्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहा तास मागं. ते मिळवा, 16 तास झाले.

सी-201 काका: आणि उन्हाळ्यात हाच फरक साडेनऊ तासांचा. तिथं मार्चमध्ये घड्याळ तासभर पुढं करतात, नोव्हेंबरात परत मागं.

डी-403: पण नेटवर अंतर साडेबारा हजार किमी आहे. विमान ताशी 900 नं जातं म्हणलं तर 14 तासच होतात की.

सी-201 काका: ते पृथ्वीच्या गोलावरचं सगळ्यात जवळचं अंतर. विमान नेमकं त्याच रेषेवरून जात नाही. शिवाय 10-12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेला जोराचा वारा असतो, जेट स्ट्रीम. जाताना तो समोरून लागतो, म्हणून येताना तास-दीड तास तरी वाचतो. तिकिटावरची वेळ गेट सोडल्यापासून गेटला लागेपर्यंतची, धावपट्टीवरची रांगही त्यातच. अन् एखाद्या देशानं हवाई हद्द बंद केली की वळसा. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं आपल्या विमानांना हद्द बंद केली, तेव्हा युरोप-अमेरिकेच्या फेऱ्या लांबल्याच.

पण काकू, मला काळजी वेगळीच आहे. हे 16 तास मुंबईपासूनचे. तुम्ही निघणार चिकलठाण्याहून, म्हणजे आपल्या संभाजीनगरच्या विमानतळावरून. इथून मुंबईचं विमान तासाभराचंच, पण ते वेगळ्या तिकिटावर मुळीच काढू नका. ते उशिरा गेलं अन् पुढचं चुकलं तर पुढची कंपनी हात वर करते. आपल्याकडून विमानं मोजकीच, लगेच दुसरं मिळत नाही. एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर असलं की पुढची सोय त्यांनाच करावी लागते. नाहीच जमलं तर आदल्या दिवशी रेल्वेनं जा, एक रात्र मुंबईत काढा. या वयात धावपळ नको.

बी-304 काकू: यांचे गुडघे लई दुखतात. 16 तास बसवंल का?

ए-305 डॉक्टर ताई: काकू, गुडघ्यांपेक्षा सलग बसण्याची भीती जास्त. पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते. काकांना कडेची सीट घ्या, दर दीड-दोन तासांनी उठवा, बसल्या जागी घोटे हलवायला लावा, पाणी पाजत राहा. बीपी किंवा हृदयाची गोळी चालू असेल तर निघायच्या आधी त्यांना दवाखान्यात घेऊन या. व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागा, पैसे लागत नाहीत.

बी-304 काकू: लेकीला आजच सांगते, तिकीट चिकलठाण्यापासूनच काढ म्हणून.

सी-201 काका: मुंबईत मध्ये किमान चार तास ठेवायला सांगा. टर्मिनल 1 ला उतरवलं तर 2 ला रस्त्यानं जावं लागतं.