चोंगचिंग: फक्त स्वस्त मजुरी नव्हे

स्वस्त मजुरीमुळे चीनच्या आतल्या भागातलं चोंगचिंग शहर वर आलं, असं म्हटलं जातं; मला ते अपुरं वाटतं. मजूर तर चीनच्या आतल्या भागात सगळीकडेच होते. खरी अडचण होती समुद्राची. यांगत्से नदीवरून शांघायचं बंदर दोन हजार किलोमीटरहून लांब!

1997 मध्ये शहर सिछुआन प्रांतापासून वेगळं होऊन थेट केंद्राच्या अखत्यारीत आलं. पुढे एचपीसारख्या कंपन्यांचे लॅपटॉप इथे बनू लागले आणि सुटे भाग बनवणारेही मागोमाग आले. 2011 मध्ये हा माल रेल्वेने थेट जर्मनीतल्या ड्यूसबर्गला निघाला. सुमारे 11,000 किलोमीटर! चीनमध्ये दोन रुळांमधलं अंतर 1435 मिलिमीटर, वाटेतल्या कझाकस्तानात 1520. त्यामुळे सरहद्दीवर क्रेनने एकेक कंटेनर उचलून दुसऱ्या गाडीवर ठेवायचा, आणि पोलंडच्या वेशीवर रूळ परत 1435 चे होतात म्हणून पुन्हा तेच. तरीही जहाजापेक्षा कितीतरी दिवस वाचतात.

यांगत्सेवरच्या थ्री गॉर्जेस धरणामुळे मोठी जहाजंही वर चोंगचिंगपर्यंत येऊ लागली. पण त्याच पाण्याखाली गावंच्या गावं गेली, दहा लाखांहून जास्त माणसं उठली, त्यातली बहुतेक चोंगचिंगच्याच हद्दीतली. कोयनेच्या विस्थापितांना भेटलेल्या माणसाला हा आकडा नुसता वाचून पुढे जाता येत नाही.