मदत हवी आहे: 'डोलियो चागी' आणि 'मोमडोलियो चागी' यांचे नेमके अर्थ

मुक्ता_आई:
माझ्या मुलीची तायक्वांदोच्या पट्ट्याची परीक्षा रविवारी आहे आणि तोंडी परीक्षेत कोरियन शब्दांचे अर्थ विचारतात. क्लासच्या तक्त्यावर वरील दोन्ही लाथांपुढे 'गोल लाथ' एवढेच छापले आहे. शिवाय तक्त्यात खालच्या बचावाला 'आरे माक्की' म्हटले आहे, तर मोठ्या भावाच्या जुन्या वहीत 'नाजुंदे माक्की' आहे. यांतले बरोबर कोणते? कृपया लवकर सांगावे.

जुना_खेळाडू:
ताई, आपण शैली सांगितलेली नाही. मुलगी तेगुक पूमसे करते की चोन-जी तुल? (पूमसे आणि तुल म्हणजे दोन पद्धतींतल्या ठरावीक हालचालींच्या मालिका.) 'आरे' हा कुक्कीवॉन (सोलमधले तायक्वांदोचे मुख्य केंद्र) पद्धतीतला, म्हणजे तेगुकवाल्यांचा शब्द आहे, तर 'नाजुंदे' १९६६ साली चोई हाँग ही यांनी स्थापन केलेल्या आयटीएफचा (आंतरराष्ट्रीय तायक्वांदो महासंघ), म्हणजे चोन-जीवाल्यांचा. दोन्ही बरोबर आहेत. मात्र परीक्षेत आपल्या पद्धतीचाच शब्द सांगावा.

कराटे_२२:
मुलांना परक्या भाषेतले शब्द पाठ करायला लावूच नयेत. मी माझ्या विद्यार्थ्यांना थेट मराठीत सूचना देतो आणि त्यांचे काहीही अडत नाही.

जुना_खेळाडू:
हे मला मान्य नाही. परदेशातल्या पंचाने 'सिजाक' म्हटले की लढत सुरू होते आणि 'काल्यो' म्हटले की दूर व्हायचे असते. ते मुलांना समजलेच पाहिजे.

हंगुल_प्रेमी:
आकडेही पाठ करून घ्या. व्यायाम मोजताना हाना, दुल, सेत म्हणतात. पण 'तेगुक इल जांग' (पहिला तेगुक पूमसे) यामधला 'इल', म्हणजे एक, हा चिनी मूळ असलेल्या इल, ई, साम या मालिकेतला आहे.

मुक्ता_आई:
आकडे तिला येतात. ती तेगुक करते, हे लिहायचे राहिले. माझा प्रश्न त्या दोन लाथांचा आहे.

भाषा_वाचक:
कोरियनमध्ये क्रियापद मराठीसारखेच शेवटी येते. 'चागी' म्हणजे लाथ मारणे, 'माक्की' म्हणजे अडवणे. शेवटचा 'गी' किंवा 'की' हा आपल्या '-णे' सारखा प्रत्यय आहे. 'दोल्दा' म्हणजे फिरणे, 'दोल्लिदा' म्हणजे फिरवणे, आणि त्यापासून झालेला 'डोलियो' म्हणजे फिरवून. म्हणून डोलियो चागी म्हणजे पाय फिरवून मारलेली लाथ. 'मोम' म्हणजे शरीर, तेव्हा मोमडोलियो चागी म्हणजे आधी अख्खे अंग फिरवून मारलेली लाथ. 'नेर्यो चागी'तही तीच घडण आहे: पाय वर नेऊन खाली उतरवून मारलेली लाथ.

मुक्ता_आई:
मनःपूर्वक आभार. आत्ताच तिला दिवाणखान्यात दोन्ही करून दाखवायला सांगितले. पहिलीत तिने गुडघा उचलून नडगी आडवी फिरवली. दुसरीत माझ्याकडे पाठ झाली, मान आधी वळली आणि टाच मागून आली. 'फिरवून' हा शब्द तिला लगेच उमगला. मात्र 'योप चागी'त 'डोलियो', 'नेर्यो'सारखा '-यो' दिसत नाही, तो का?

भाषा_वाचक:
कारण 'योप' हे क्रियापद नाही, नाम आहे. योप म्हणजे बाजू, 'आप' म्हणजे पुढचा भाग आणि 'द्वी' म्हणजे मागचा. तिथे पाय कसा फिरवायचा हे सांगितलेले नसते, तो कोणत्या दिशेला जाणार एवढेच सांगितलेले असते.